मटकीचं धृपद

आमच्या भजनी मंडळाच्या त्या गाण्याचा राग कोणता, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. पंचवटीत गाण्यातलं कळणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि कळतं असं वाटणारी त्याहून जास्त. एका गृहस्थांनी तर मला भाजीबाजारात गाठून सुनावलं, की शुद्ध गंधाराला लागून कोमल गंधार कोण वाजवतं, तुमची पेटी एकदा दाखवून घ्या. मी म्हटलं, मटकीला विचारा. ते गोंधळून निघून गेले. हे उत्तर माझं नव्हतं, माझ्या मुलीचं होतं. ती असती तर तिने त्यांना तिथेच उभं केलं असतं, हातातली पिशवी खाली ठेवायला लावली असती आणि पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं असतं. ती नाही. म्हणून मला सांगावं लागतंय, आणि मला तिच्यासारखं येत नाही.

पेटी मी लग्नाआधीपासून वाजवते. माझं माहेर मखमलाबादकडचं, भाजीपाल्याच्या मळ्यातलं. तिथे देवळातली पेटी मोकळी मिळायची म्हणून शिकले. विज्ञान मात्र दहावीला सुटलं ते सुटलंच. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, त्याची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. तो मुळातच कमी बोलणारा. घरात बोलायचं काम मी आणि मुलगी वाटून घ्यायचो, आणि त्यातही तिचा वाटा मोठा होता. ती बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करत होती. एका दुपारी कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, आई, मी प्रोजेक्टला झाडांची गाणी घेतलीयेत.

मला वाटलं, झाडांना गाणी ऐकवून फुलं जास्त येतात का, तसलं काहीतरी. तसं नव्हतं. झाडाच्या अंगात प्रोटीन असतं, आणि प्रोटीन म्हणजे ओवलेली माळ, असं तिने सांगितलं. मणी वीसच प्रकारचे, पण कुठल्या मण्यामागे कुठला, ते ठरलेलं. एक जरी इकडचा तिकडे झाला तरी माळ बिघडू शकते. प्रत्येक मण्याला एकेक स्वर द्यायचा आणि माळ जशी आहे तशी वाजवायची, हा तिचा प्रोजेक्ट. तिने लॅपटॉपवर मला एक माळ ऐकवली. भांड्यांच्या दुकानात मांजर शिरावं तसं ते टिंग टिंग टंग चाललं होतं. मी तसं तोंडावर सांगितलं. तिला राग यायला हवा होता, पण ती माझीच मुलगी. म्हणाली, मग तू बसव.

माझ्यासमोर तेव्हा फडक्यात बांधलेली मटकी होती. आमच्या घरात मटकीला मोड येत नाहीत असा आठवडा जात नाही. नाशकात कुणाच्याच घरात जात नसावा. तिच्या सरांनी कुठल्या तरी परदेशी झाडाचं नाव सुचवलं होतं. तिने फडकं सोडलं, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, हीच घेऊ. मग दाणा नखाने सोलून मला दाखवला. या दाण्यात जे प्रोटीन साठवलेलं असतं ना, ती मटकीच्या आईने दिलेली शिदोरी असते. मोड येतो तो या शिदोरीवर. मूळ जमिनीत जाऊन पान फुटेपर्यंत त्या पोराला दुसरं काही खायला नसतं. शिदोरी संपली की दाणा चिरमटून जातो. मी म्हटलं, अरे वा, म्हणजे आयांची कामं सगळीकडे सारखीच. ती म्हणाली, मग जेवायला वाढ, भूक लागलीय.

मग आम्ही बसलो. म्हणजे मी पेटीवर आणि ती लॅपटॉप मांडीवर घेऊन. स्वर कुठल्या मण्याला कुठला, हे तिनेच ठरवलं होतं. सगळ्या प्रोटीनांची सुरुवात एकाच प्रकारच्या मण्याने होते म्हणून त्याला सा. पाण्याला बिचकणारे मणी खाली मंद्र सप्तकात, पाण्यात रमणारे वर. मला वाटायचं, इथे कोमल निषाद काढून शुद्ध लावला तर किती गोड होईल. तिने एकही स्वर हलवू दिला नाही. हे कसं म्हणायचं, कुठल्या रागात, असं मी वैतागून विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं: मटकीला विचार. लय मात्र तिने माझ्यावर सोडली, म्हणून मी साध्या भजनी ठेक्यात ते बसवलं आणि ओळी पाडल्या. मटकीला ओळी नसतात, ती म्हणाली. माणसांना श्वास घ्यावा लागतो, मी म्हटलं. तेवढं तिने मान्य केलं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. हे मला तेव्हाच कळत होतं, आणि आज त्याचा काही उपयोग नाही.

लॅपटॉपवर नको, माणसांच्या गळ्यातून हवं, असं तिच्या डोक्यात आलं आणि तिने माझ्या मंडळाकडे मोर्चा वळवला. आम्ही गुरुवारी दुपारी जमतो. टाळ वाजवणाऱ्या आजी सगळ्यांत मोठ्या, निवृत्त शिक्षिका, मंडळ त्यांच्याच धाकात चालतं. ढोलकीवर बसते तिचा बाजारात फुलांचा गाळा आहे. झेंडूच्या ढिगामागून उठून ती थेट भजनाला येते. बाकी सात-आठ जणी गायला. मुलीने सगळ्यांना माळ, मणी, शिदोरी सांगितलं. सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं आणि मग आजींनी विचारलं, याची चाल कुठली. आमच्यात कुणी नवं भजन आणलं की पहिला प्रश्न हाच असतो, कारण चाल ठरली की निम्मं काम झालं. मुलगी म्हणाली, हीच चाल. आणि शब्द? शब्द नाहीत. शेवटी शब्द म्हणून रामाचं नाव घ्यायचं ठरलं, ते कुठल्याही स्वरावर बसतं.

आणि मग आम्ही जे केलं ते कुठल्याही भजनी मंडळाने केलं असतं. मटकीच्या गाण्याची सुरुवात सगळी खालच्या स्वरांत आहे. आमच्या वयाच्या बायकांचे आवाज वर चढत नाहीत, खाली मात्र पाट टाकून बसावं तसे आरामात बसतात. ती पहिली ओळ सगळ्यांना लगेच आली, आवडली. पुढच्या ओळी अवघड, कुठून कुठे उड्या मारणाऱ्या. त्यामुळे दुसरी ओळ कशीबशी संपली की सगळ्यांचं तोंड आपोआप पहिल्या ओळीकडे वळलं. तिसरी झाली, परत पहिली. ढोलकीनेही तिथे नेहमीप्रमाणे जोर धरला. पहिल्या ओळीचं धृपद झालं होतं, आणि आमच्यापैकी कुणालाही आपण काही वेगळं केलं असं वाटलं नव्हतं.

मुलीने कपाळाला हात लावला. मग हसत सुटली. हसू आवरल्यावर तिने सांगितलं, की तुम्ही जी ओळ परत परत म्हणताय ना, ती तयार झालेल्या प्रोटीनमध्ये नसतेच. मखमलाबादचा मामा वांग्यांच्या क्रेटला चिठ्ठी बांधतो, कुठल्या गाळ्यावर जायचं त्याची. क्रेट गाळ्यावर पोचला की चिठ्ठी फाडून टाकतात. तशी ही सुरुवातीची मण्यांची लड. प्रोटीनला त्याच्या जागी पोचवायचं, एवढंच तिचं काम. पोचवलं की ती कापली जाते. फुलवाली म्हणाली, “म्हंजे आपण चिठ्ठीचंच भजन करतोय व्हय?” आम्ही पोट धरून हसलो.

आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांना मुळातच हे पटत नव्हतं. त्यांनी टाळ मांडीवर ठेवला आणि माझ्या मुलीला विचारलं, “धृपद नाही म्हणजे? मग प्रत्येक ओळीनंतर परत कुठे यायचं?”

“परत नाही यायचं, आजी. ते पुढेच जात असतं.”

“असं कसं गाणं असेल?”

“सुरुवातीला एकदा म्हणा, चालेल. पण मग वळू नका. मला एकदा तरी ते सरळ, शेवटपर्यंत ऐकायचंय.”

आम्ही प्रयत्न केला. खोटं सांगत नाही, मनापासून केला. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीला कुणीतरी एक जण वळायचीच, आणि एक वळली की सगळ्या. मी स्वतः पेटीवर पुढची ओळ धरायची असं बजावून बसायचे आणि बोटं धृपदावर गेलेली असायची. वर्षानुवर्षांची सवय, ती बोटांत असते, डोक्याचं ऐकत नाही. पुढच्या गुरुवारी नक्की, असं म्हणून आम्ही चहा घ्यायचो. कॉलेजात तिने आमचं धृपदासकटचंच रेकॉर्डिंग ऐकवलं आणि तळाशी टीप दिली की गायिकांनी सुरुवातीची लड अनेकदा जोडली आहे, असं झाड जगणार नाही. ती टीप वाचून सर खूप हसले, असं तिने घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, आमच्या धृपदाने तुझी मटकी मेली का गं? ती म्हणाली, मेली, आठ वेळा.

दिवाळीच्या आधी तिच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. ती म्हणाली, गाडीची किक लागली असेल. मग ताप यायचा आणि जायचा. मग हिरड्यांतून रक्त. रक्ततपासणीचा कागद घेऊन ती एकटीच डॉक्टरांकडून परत आली, कारण मी भजनाला होते आणि तिच्या बाबांची पाळी होती. जिना चढून आली आणि पायरीवरच बसली. कागदात काय आहे ते आमच्या कुणाहीपेक्षा तिला जास्त कळत होतं. रक्ताचा कर्करोग. मला तिने शब्द हळू सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा.

त्या आजाराबद्दल मला लिहायचं नाही. ज्यांच्या घरात तो येऊन गेलाय त्यांना सांगायची गरज नाही, आणि इतरांना कळू नये. एवढंच सांगते, की उपचारांमध्ये तिला जेव्हा घरी सोडायचे, तेव्हा कुणाला भेटायची परवानगी नसायची. बाहेरचं काही खायचं नाही, कच्चं काही खायचं नाही, कच्ची मोडाची मटकी तर अजिबात नाही. मी ती कुकरमध्ये इतकी शिजवायचे की तिचं पिठलं व्हायचं. ती चमच्याने उचलून बघायची आणि म्हणायची, आई, ही ओळखूसुद्धा येत नाही. तिचे केस गेले तेव्हा मी रडले, ती नाही. मला तिचा राग यायचा की ही रडत का नाही. आता वाटतं, तिने रडणं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि मला ते नको होतं.

मंडळ घरात येऊ शकत नव्हतं म्हणून एका गुरुवारी सगळ्या जणी खाली गल्लीत उभ्या राहिल्या. आमचं घर पहिल्या मजल्यावर, खिडकी गल्लीवरच उघडते. मी पेटी समोरच्या ओट्यावर मांडली. मुलगी तोंडाला मास्क लावून खिडकीत बसली, डोक्याला माझी जुनी सुती ओढणी गुंडाळून. तिने मला फोन केला. मी खाली, ती वर, मधे एवढंसं अंतर, तरी फोन. ओरडायची ताकद नव्हती तिला. म्हणाली, आई, आज सरळ म्हणा ना.

आजींनी सगळ्यांना दम दिला. पहिली ओळ झाली. दुसरी झाली, कुणी वळलं नाही. तिसरी झाली. मला वाटलं, आज जमतंय. चौथ्या ओळीच्या शेवटी मागून एक रिक्षा आली, हॉर्न वाजला, आम्ही सगळ्या भिंतीला चिकटलो आणि रिक्षा गेल्यावर सगळ्यांनी एका सुरात धृपद धरलं. वर बघितलं तर ती खिडकीच्या गजाला डोकं टेकून हसत होती, खांदे हलत होते. मास्कमुळे तोंड दिसलं नाही. आजींनी मान वर करून तिला सांगितलं, “तू बरी हो. पुढच्या वेळी घरी आलीस की सरळ म्हणून दाखवतो. माझा शब्द.” तिने हात वर केला.

दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि आम्ही तिला परत घेऊन गेलो. निघायच्या गडबडीत मी आदल्या रात्री भिजवलेली मटकी फडक्यात बांधून ओट्यावरच्या खुंटीला अडकवली, कारण उद्या-परवा येऊच असं वाटलं होतं. आम्ही आलो ते तिला न घेता आलो.

घरात माणसं होती, नातेवाईक होते, कुणीतरी चहा करत होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि ती पुरचुंडी दिसली. मोड फडक्यातून बाहेर आले होते. पांढरे, लांब, एकमेकांत गुंतलेले, टोकाला पिवळट पानं फुटलेली. खालचे थोडे काळे पडून कुजले होते. मी गाठ सोडली तर दाणे चिरमटून सालं राहिली होती. शिदोरी संपली होती, मोडांनी ती सगळी खाल्ली होती आणि अंधारात, पाण्याशिवाय, ते एवढे वाढले होते. मला त्या मटकीचा इतका संताप आला की मी ती बाहेर नेऊन गटारात फेकली. द्यायला माझ्याजवळ सगळं होतं. रक्त दिलं, रक्तातलं आणखी काय काय लागलं ते दिलं, आणि ते तिला लागू पडलं नाही.

दहाव्याच्या आधी एका संध्याकाळी मंडळ घरी आलं. आमच्याकडे पद्धत आहे, दुःखाच्या घरात भजन करतात, घर मुकं ठेवू नये म्हणून. मी वाजवणार नव्हते. तिच्या बाबांनी कपाटावरून पेटी काढली, पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यांनी आयुष्यात कधी माझ्या पेटीला हात लावला नव्हता. मग मला नाही म्हणता आलं नाही.

नेहमीची दोन-तीन भजनं झाली. बोटं आपोआप चालत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. मग आजींनी कुणालाही न विचारता मटकीची सुरुवात धरली, ती खालची ओळ. मी साथ धरली. दुसरी ओळ झाली आणि माझी बोटं धृपदावर आली.

धृपदावर मी एकटीच होते. बायका पुढे गेल्या होत्या. मला वाटलं, त्यांचं चुकलं, आता वळतील, म्हणून मी धृपद पुरं वाजवलं आणि पुन्हा तेच धरून वाट बघितली. त्या वळल्या नाहीत. तिसरी ओळ, चौथी, त्याच्या पुढच्या उड्या मारणाऱ्या, कधीच न जमलेल्या ओळी त्या सगळ्या जणी एका आवाजात म्हणत होत्या, आणि त्यांत एकही स्वर इकडचा तिकडे होत नव्हता.

फुलवालीने नंतर मला सांगितलं. मुलगी दवाखान्यात होती ते सगळे दिवस या बायका दुपारी आजींच्या घरी जमत होत्या. माझ्या नकळत, पेटीशिवाय, तिचं लॅपटॉपवरचं, न वळणारं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावून. “लय घोकलं ताई,” ती म्हणाली, “पोरगी घरी आली का जिन्यातच म्हणायचं ठरलं व्हतं.” आजींनी शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला होता.

पण हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच दिसत होतं की सगळ्या डोळे मिटून म्हणतायत, ढोलकी त्यांच्याबरोबर आहे, आणि दाराच्या चौकटीला टेकून माझा नवरा तोंडावर हात धरून उभा आहे. पुढच्या ओळी मला येत होत्या. मीच तर त्या बसवल्या होत्या. पुढची पट्टी दाबायची, एवढंच करायचं होतं. माझा हात गेला नाही. मी तीच पहिली ओळ वाजवत राहिले, खालची, पुन्हा पुन्हा, हळू, त्यांच्या गाण्याला आड येणार नाही इतक्या बारीक आवाजात.

त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. शेवटचा स्वर झाला आणि टाळ थांबला, ढोलकी थांबली. तिला जसं हवं होतं तसं ते एकदा सरळ म्हणून झालं होतं. खोलीत फक्त माझी पेटी राहिली. कुणी मला थांबवलं नाही. आजी उठून माझ्याजवळ आल्या, खाली बसल्या, आणि माझ्याबरोबर त्यांनी धृपद धरलं.